टोकदार बिट बदललं आणि जोड धरला

घरचा अ‍ॅम्प्लिफायर मधूनच खरखरून गप्प व्हायचा. वरून टपली मारली की पुन्हा सुरू. प्लग काढून, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करून बोर्ड भिंगाखाली धरला. ग्राउंडच्या पिनेभोवती बारीक गोल चीर दिसली. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा जोड!

सोल्डरिंग आयर्नला पेन्सिलसारखं टोकदार बिट (तापणारं टोक) होतं. त्याने सोल्डर पिनेवर गोळी होऊन बसायचं, पॅडवर, म्हणजे पिनेभोवतीच्या तांब्याच्या चकतीवर, पसरायचंच नाही. तापमान वाढवायचा मोह होतो, पण 60/40 (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) सोल्डर 190 अंशांच्या आतच वितळतं. अडचण उष्णता पोचण्याची होती. ग्राउंडचं रुंद तांबं ती ओढून घेतं आणि टोकदार बिट टेकतं जेमतेम एका ठिपक्यावर. 400च्या पुढे नेलं तर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरतात तो पदार्थ) जळतो, वर पॅड उखडण्याची भीती.

मग 2.4 मिमीचं चपटं, छिन्नीच्या आकाराचं बिट लावलं, तापमान 350. जुनं सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) शोषून घेतलं, थोडा राळेचा फ्लक्स लावला. बिटची सपाट बाजू पॅड आणि पिन दोन्हींना एकदम टेकवली आणि सोल्डरची तार समोरून, जोडावर दिली. क्षणात सोल्डर भोकात उतरलं, पिनेभोवती छान उतार धरला. दाब द्यावाच लागला नाही.

बिट काळं पडलं तर कानस मात्र मारू नका. जुन्या नुसत्या तांब्याच्या बिटला ते चालायचं; आताच्या बिटवर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की बिट गेलं. पितळी जाळीवर पुसायचं आणि बंद करण्याआधी टोकावर ताजं सोल्डर ठेवायचं.