जुन्या गोठ्याचं राहतं घर कसं करावं

दगड-मातीच्या जुन्या गोठ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, म्हणून बहुतेक जण त्या धरूनच चालतात आणि खर्चाला छपरापासून सुरुवात करतात. गोठ्याचं खरं दुखणं मात्र खाली असतं. वर्षानुवर्षं मुरलेल्या मुताचे नायट्रेट क्षार बनून भिंतीत साठतात. ते हवेतली ओल ओढतात, त्यामुळे कुठेही गळत नसताना पावसाळ्यात भिंत ओलीच. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की तो एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटतो.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे उन्हाळा हाताशी राहतो. त्याआधी गोठा गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हे सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरून पाहून परवानगीचं विचारून घ्या.

१. जमीन. गव्हाण फोडा, मुताची नाली उखडा आणि एक ते दीड फूट माती काढा. वास जिथे संपतो तिथे थांबायचं. ही माती फेकू नका, शेतात पांगवा. उत्तम खत आहे. भिंतीच्या कडेला मात्र जपून. पाया बऱ्याचदा उथळ असतो, सगळीकडून एकदम खणलं तर भिंत बसते. चार-चार फुटांचे तुकडे करा, एक भरून झाला की पुढचा. पायाच्या तळाखाली जाऊच नका. खाली ९ इंच दगडांचं सोलिंग (दगड रचून केलेला थर), त्यावर चोपलेला मुरूम, जाड प्लास्टिक कागद, ४ इंच काँक्रीट (सिमेंट १, वाळू ४, खडी ८) आणि वर शहाबादी फरशी.

२. भिंत. ओलीच्या डागाच्या वर दीड फुटापर्यंत जुना गिलावा उतरवा, सांध्यांतली माती इंचभर खरवडा आणि कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून आत जातात. पांढरा थर फार असेल तर ओल्या मातीत वाळू मिसळून इंचभर लेप द्या, वाळताना तो क्षार ओढून घेतो; पूर्ण वाळला की काढून टाका आणि पुन्हा द्या. फटींत गोचिडी दडलेल्या असतात, त्या महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. सांधे भरण्याआधी औषध फवारा. मग उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा.

३. खिडक्या. गोठ्याला झरोकेच असतात, खिडक्या नव्याने पाडाव्या लागतात. कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडा. आधी भिंतीच्या अर्ध्या जाडीत लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) बसवा, मग उरलेल्या अर्ध्यात. दोन्हीकडे ९ इंच टेकू हवा. भोक नंतर. भिंतीला पोट आलं असेल तर तिथे खिडकी नको, तो भाग उतरवून नव्याने बांधा.

४. छप्पर. हे पावसाआधी पूर्ण व्हायलाच हवं. तुळई आणि वासे भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. तो सहज रुतला तर वाळवीने आतून पोखरलंय, वरून लाकूड कितीही धड दिसो. वळचण बहुधा सहा फुटांवर असते, ती आठावर न्या: भिंतीच्या माथ्यावर सलग ६ इंचांचा काँक्रीट पट्टा, १० मिमीच्या चार सळया, त्यावर विटा. मंगलोरी कौलं १०० चौरस फुटांना सुमारे १५० लागतात. फुटतूट धरून थोडी जास्त आणा.

५. गिलावा. चुना १, वाळू ३. एका थरात अर्ध्या इंचापेक्षा जाड नको आणि पहिले काही दिवस ऊन लागू देऊ नका. वरून चुन्याचीच सफेदी. पुट्टी किंवा ऑइल पेंटने भिंतीचा श्वास कोंडतो आणि क्षार पुन्हा आतून ढकलायला लागतात.