लिनक्स टाकण्याआधी, विंडोज चालू असतानाच उरकायची कामं

विंडोजशेजारी लिनक्स टाकताना होणारे बहुतेक घोळ इन्स्टॉलर उघडण्याआधीच होऊन बसलेले असतात. म्हणून आधी बॅकअप. तो एक्स्टर्नल डिस्कवर घ्या, त्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहा आणि डिस्क काढून बाजूला ठेवा. जोडलेली राहिली तर इन्स्टॉलरच्या यादीत तीही येते आणि घाईत तीच पुसली जाते.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं साधन. बऱ्याच लॅपटॉपवर तो आपण चालू न करताही चालू असतो. बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही केलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय, बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेलाच. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते. कागदावर उतरवून घ्या. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर शट डाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. लिनक्ससाठी निदान ५० जीबी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा आणि ती तशीच रिकामी सोडा, नवं पार्टिशन करू नका.

लिनक्सचा इन्स्टॉलर ज्यावर उतरवायचा, तो पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. त्यावरचं सगळं जाणार. आयएसओचा, म्हणजे डाउनलोड केलेल्या लिनक्सच्या फाइलचा, शा-२५६ चेकसम (फाइल पडताळायचा आकडा) लिनक्सच्या साइटवर दिलेल्याशी जुळवा. फाइल अर्धवट उतरलेली असेल तर इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं आणि उगाच डिस्कवर संशय येतो.

इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून, वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टिथरिंग (फोनचं इंटरनेट वापरणं) चालू करा. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. एनव्हीडिया कार्डावर पडदा काळाच राहिला, तर ग्रब मेनूत (सुरुवातीला येणाऱ्या बूटच्या यादीत) 'ई' दाबा, 'लिनक्स'ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती इन्स्टॉलरला डिस्कच न दिसल्यावर. इंटेलच्या अनेक मशिनींवर स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या खास मोडमध्ये असतं. ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं, पण थेट बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा. मग एमएसकॉन्फिग (msconfig) या विंडोजच्या साधनात सेफ बूटवर टिक करून रीस्टार्ट करा, बायोसमध्ये मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मगच ती टिक काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड आठवणीत हवा.

इन्स्टॉलरच्या पार्टिशनच्या पानावर चार्जर लावलेलाच असू द्या. यादीत फॅट३२चं, साधारण १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन दिसेल. तेच ईएफआय. ते वापरायचं, पण त्यापुढच्या 'फॉरमॅट'वर टिक नको. विंडोजचा बूटलोडर तिथेच आहे.

सिक्युअर बूट चालू ठेवून बाहेरचे ड्रायव्हर घेतले, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. तो लिहून ठेवा. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि साधारण १० सेकंदच थांबतो; तेवढ्यात कुठलीही कळ दाबून 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे त्या ड्रायव्हरांची की नोंदवणं) निवडा आणि तो पासवर्ड द्या. संधी हुकली, तर ते ड्रायव्हर लोडच होत नाहीत.