नवी कलमे बांधून गावाला जाताना या चुका टाळा

आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की वावरातल्या गावरान आंब्याच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या झाडावर, चांगल्या जातीची काडी (कलमकाडी) पाचरीसारखी तासून खोचतात; हे पाचर कलम बांधले जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोणी पंढरपूरला निघतो, तर कोणी पुण्याला मुलाकडे जातो. कलमाचे पहिले तीन-चार आठवडे सर्वांत नाजूक असतात. अशा वेळी शेजाऱ्याला "जरा लक्ष ठेवा" एवढेच सांगून निघणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण लक्ष नेमके कशावर ठेवायचे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते.

हे मी स्वतः भोगले आहे. अठरा दिवसांनी परतलो तेव्हा शेजारचे काकाजी मला आनंदाने धुऱ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "भाऊ, कलम तं जोरात फुटली." फूट खरोखरच वीतभर होती, पाने तांबूस आणि तुकतुकीत होती; पण ती जोडाच्या, म्हणजे काडी आणि खुंट सांधतात त्या जागेच्या, खालून, खुंटातून आलेली होती आणि वर ओल टिकावी म्हणून घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोपीत कलमकाडी काळी पडून वाळली होती. काकाजींनी एक दिवसही खाडा केला नव्हता. जोड कुठे आहे, हेच मी त्यांना दाखवले नव्हते.

तेव्हापासून मी निघण्याआधी प्रत्येक जोडाच्या लगेच खाली लाल चिंधी सैल बांधतो आणि सांगतो, की चिंधीच्या खाली जे फुटेल ते कोवळे असतानाच अंगठ्याने मोडावे, वरच्या फुटीला हात लावू नये. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची संत्र्याची कलमे नर्सरीतून आणून लावली असतील, तर त्यांनाही हीच खूण चालते.

दुसरी चूक पाण्याची. आपली काळी माती वरून भेगाळली तरी चार-पाच बोटे खाली ओली असते. राखणाऱ्याला मात्र वरची भेगच दिसते, आणि काळजीपोटी तो रोज बादलीभर पाणी ओततो. मुळांना हवा मिळेनाशी होते, पाने पिवळी पडतात, आणि संत्र्याला तर बुंध्यापाशी पाणी साचून राहिल्यास डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागण्याची भीती असते. म्हणून दिवस ठरवून देण्यापेक्षा परीक्षा शिकवावी: आळ्यात वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून पाहावी, लाडू वळला तर पाणी देऊ नये. लागवड करताना जोड मातीच्या वर राहील याची खात्री करावी आणि पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी चर काढून ठेवावा. उघडीप लांबेल असे वाटले, तर आळ्याच्या कडेला मातीचे कोरे मडके गळ्यापर्यंत गाडून, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. ते झिरपत राहते आणि राखणाऱ्याला रोज फेरी मारावी लागत नाही.

कुटाराचे (मळणीनंतर उरलेल्या भुश्याचे) आच्छादन जरूर करावे, परंतु ते बुंध्याला भिडवू नये, नाहीतर उधई (वाळवी) चढते. वीतभर जागा मोकळी ठेवावी. सावलीसाठी पश्चिमेला आणि दक्षिणेला तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) उभ्या कराव्यात. शेळ्या आणि रोही (नीलगायी) यांच्यासाठी पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) कुंपण हवेच. निघण्यापूर्वी "तेवढीच वाढ होईल" म्हणून युरिया टाकू नये. कोवळी लुसलुशीत फूट किडींना आमंत्रण देते, आणि ती पाहायला आपण घरी नसतो.

कलमकाडीवरची टोपी हा सर्वांत अडचणीचा भाग आहे. नवी पाने टोपीला टेकली की ती काढावीच लागते, नाहीतर ती आत भाजतात किंवा कुजतात. पण भर दुपारी काढली तर कोवळी पाने कोमेजतात. म्हणून हे काम संध्याकाळी, शक्यतो ढगाळ दिवशी करायला सांगावे. जोडावरची पट्टी मात्र कोणालाही सोडू देऊ नये. जोड पक्का झाल्यावर ती आपण स्वतः सोडावी, आणि फार उशीरही करू नये, कारण खोड जाड होताना ती काचते.

परत आल्यावर कलम मलूल दिसले, तर घाईने पाणी ओतू नये. कलमकाडीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी: खाली हिरवे असेल तर धीर धरावा. तपकिरी आणि कोरडे निघाले तर ते कलम गेले असे समजावे, पण खुंट उपटू नये. त्याची एक जोमदार फूट वाढू द्यावी आणि ती पेन्सिलीएवढी जाड झाली की पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा कलम बांधावे.