दुकानातल्या दुकानात सोशल मीडिया टीम कशी बनवायची (पैठणीचं दुकान धरून सांगतो)

बऱ्याच दुकानदारांना वाटतं की एजन्सीला महिन्याचे पैसे दिले की सोशल मीडियाचं काम झालं. ते सणाला शुभेच्छांचे फोटो टाकणार, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. येवल्यातलं पैठणीचं दुकान घ्या, गिऱ्हाईक विचारतं काय, तर हातमागाची आहे का, सिल्क मार्क (अस्सल रेशमाचं लेबल) आहे का, मुनिया (पोपटांच्या) बॉर्डरमध्ये राणी कलर आहे का, फॉल-बिडिंग करून मिळेल का. ही उत्तरं काउंटरवरच्या माणसाकडे असतात, म्हणून टीम पण तिथूनच काढा.

सुरुवातीला तीन माणसं पुरतात. एक कॅमेऱ्यासमोर बोलणारी, शक्यतो रोज साड्या उलगडून दाखवणारी ताईच, कारण तिला स्क्रिप्ट लागत नाही. दुसरा शूटिंग-एडिटिंगवाला. तिसरा फक्त मेसेज आणि कमेंट बघणारा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. पण हे काम "जरा बघ रे वेळ मिळाला की" असं म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका, वेळ ठरवून द्या, पगारात वाढ द्या, नाहीतर दोन आठवड्यात सगळं थंड पडतं.

अकाउंट दुकानाच्या सिमवर आणि दुकानाच्या ईमेलवरच उघडा, पोराच्या पर्सनल नंबरवर नको. पासवर्ड वाटत बसू नका, मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाग्राम एकत्र सांभाळायचं मेटाचं टूल) ज्याला त्याला अ‍ॅक्सेस द्या, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर कोड मागणारं सेटिंग) चालू ठेवा, कुणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी अ‍ॅक्सेस काढा.

आता व्हिडिओ कसला? पैठणी उलटी करून दाखवा. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पण जवळपास पुढच्यासारखाच दिसतो, पॉवरलूमच्या सेमी पैठणीत मागे धागे लोंबत असतात किंवा कापलेले दिसतात. दोन्ही शेजारी ठेवा, ताईला बोट फिरवून सांगू दे. असा व्हिडिओ लोक सेव्ह करतात, बहिणीला पाठवतात. मोबाईल उभा धरा आणि साडी दरवाजापाशी दिवसाच्या उजेडात घ्या, ट्यूबलाइटखाली रंग वेगळा येतो मग घरी गेल्यावर "फोटोत वेगळी होती" म्हणून फोन येतो. बिझनेस अकाउंटला हिट गाणी बऱ्याचदा मिळत नाहीत, काही अडत नाही, मागाचा खटखट आवाजच राहू द्या, तोच छान लागतो.

आणि प्लीज, किंमत लपवू नका! कमेंटमध्ये कुणी "प्राइस?" विचारलं की "डीएम चेक करा" हे लिहिणं बंद करा, सरळ आकडा लिहा, एकाने विचारलेलं बाकीचे सगळे वाचत असतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय (नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं) बनवून ठेवा, लेबल लावा (नवीन, पैसे आले, पार्सल गेलं), एकाच नंबरला चार डिव्हाइस जोडता येतात त्यामुळे दोघं-तिघं मिळून उत्तरं देऊ शकतात. तक्रार आली तर कमेंट डिलीट करायची नाही, तिथेच नीट एक उत्तर द्यायचं आणि लगेच फोन करायचा. साडी परत घ्यायची की नाही हे कोण ठरवणार ते आधीच ठरलेलं असू दे, मेसेज बघणाऱ्या पोराने मालकाची वाट बघत दिवस घालवू नये.

आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळे बसा. लाइक सोडा, सेव्ह किती, शेअर किती, चौकशी किती आणि त्यातली विक्री किती एवढं बघा. मेसेजवाल्याने त्या आठवड्यात परत परत आलेले प्रश्न वाचून दाखवायचे, पुढच्या आठवड्याचे विषय तिथूनच निघतात, आयडिया शोधत बसावं लागत नाही.

एखाद्या इन्फ्लुएन्सरला साडी फुकट दिली असेल तर ती जाहिरात आहे हे पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला लावा, अ‍ॅस्कीचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) नियम 2021 पासून आहेत. आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की काउंटरवर श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे त्या सीझनचे व्हिडिओ दिवाळीच्या गर्दीच्या आधीच शूट करून ठेवा.