म्युनिकला मुलाबाळांकडे जाताय? मग डाखाऊला एक दिवस कसा द्यायचा ते सांगतो

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी पोरं आता जर्मनीत नोकरीला आहेत आणि मे महिना आला की आई-बाप महिना-दीड महिना तिकडे राहून येतात. किल्ला बघतात, आल्प्स बघतात, फोटो येतात. म्युनिकपासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत डाखाऊ आहे, नाझींचा पहिला कायमस्वरूपी छळछावणी-कॅम्प, तिथे मात्र खूप जण जात नाहीत, किंवा गेले तर दुपारी तासभर उरला म्हणून जातात. मी आईला घेऊन गेलो होतो, त्यावरून लिहितोय.

पहिली गोष्ट, त्याच दिवशी दुसरं काही ठेवू नका. सकाळी किल्ला आणि दुपारी डाखाऊ असं तर मुळीच नको. चार-पाच तास हातात पाहिजेत.

जायचं कसं तर एकदम सोपं आहे. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून एस-२ लोकल, डाखाऊ किंवा पेटर्सहाउझेनच्या दिशेची, उतरायचं डाखाऊ स्टेशनला. बाहेर ७२६ नंबरची बस मिळते, तिच्या स्टॉपचं नावच केझेड-गेडेंकश्टेटे, म्हणजे छळछावणी स्मारक, आहे. तिकीट घेताना ते डाखाऊपर्यंत चालतं ना हे बघून घ्या, फक्त म्युनिक शहराच्या झोनचं पुरत नाही, आणि मशीनमधून कागदी तिकीट काढलं असेल तर त्यावर शिक्का मारावा लागतो का तेही बघा. पाय ठणठणीत असतील तर स्टेशनपासून चालतही जाता येतं, साधारण ३ किलोमीटर, वाटेत माहितीच्या पाट्या आहेत. मेमोरियलला प्रवेश फी नाही. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, २४ डिसेंबरला बंद. ऑडिओगाईड आणि इंग्लिशमधल्या टूरला पैसे पडतात, टूरच्या वेळा आधी वेबसाईटवर बघून ठेवा. टूरसाठी वय किमान १३ धरतात, लहान नातवंडं असतील तर त्यांना त्या दिवशी घरी ठेवा असं मी तरी म्हणेन.

कपड्यांचं सांगतो, आपल्याकडे मे मध्ये ४४-४५ डिग्री सोसून गेलेल्या माणसाला तिथला वारा झेपत नाही. मधलं मैदान उघडं आहे, आडोसा नाही, आत सगळीकडे बारीक खडी आहे. स्वेटर, छत्री आणि चालायचे बूट. आवारात डबा उघडून बसू नका, कॅफेटेरिया बाहेर व्हिजिटर सेंटरजवळ आहे. आणि गळ्यात किंवा पर्सवर स्वस्तिक असेल तर ते त्या दिवशी काढून ठेवा. आपलं स्वस्तिक वेगळं, त्याचा अर्थ वेगळा, सगळं खरं, पण नाझींचं चिन्ह दाखवणं जर्मनीत गुन्हा आहे आणि तिथे ज्याचा आजोबा या कॅम्पमध्ये गेला असा माणूस शेजारी उभा असू शकतो, त्याला आपण दारात उभं राहून कुठे समजावत बसणार. आईच्या पेंडंटमध्ये होतं, ते आम्ही घरीच ठेवलं.

आता जाण्याआधी एवढं डोक्यात असू द्या, कारण आत पाट्या खूप आहेत आणि आधी काहीच माहीत नसेल तर दमायला होतं. हिटलर सत्तेवर आला ३० जानेवारी १९३३ ला आणि हा कॅम्प सुरू झाला २२ मार्चला, म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. जुन्या दारूगोळा कारखान्याची जागा होती. मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की तो चोरून उघडलाच नव्हता. हिमलर तेव्हा म्युनिकचा पोलीसप्रमुख होता, त्याने पेपरला सांगितलं की इथे ५००० माणसांची सोय होईल. पहिले कैदी म्हणजे विरोधी पक्षाचे लोक, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, युनियनवाले. आपल्याकडे १९३२ मध्ये इंग्रजांनी विनोबांना धुळ्याच्या जेलमध्ये टाकलं तर तिथे ते दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी बसून ते लिहून घेत होते. जेल जेलच असतं, पण तिथे शिक्षा किती ते ठरलेलं होतं आणि सुटायची तारीख होती. डाखाऊत कोर्ट नाही, वकील नाही, तारीख नाही, पोलिसांच्या कागदावर 'संरक्षणासाठी ताबा' असं लिहिलं की झालं. हा फरक लक्षात ठेवून आत गेलात तर पुढचं सगळं नीट कळतं.

कमांडंट थिओडोर आयकेने इथे जे नियम आणि शिक्षा ठरवल्या त्याच पुढे बाकीच्या कॅम्पना लागू केल्या, आउशवित्झचा, म्हणजे पोलंडमधल्या ज्या कॅम्पात गॅसने लाखो ज्यू मारले त्याचा, कमांडंट रुडॉल्फ ह्योस इथेच शिकून गेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जवळपास ११,००० ज्यू पुरुषांना इथे आणलं, पुढे युद्धात पोलिश, रशियन, फ्रेंच, सगळीकडचे, पाद्रीच २,७०० च्या आसपास. १२ वर्षांत २ लाखांहून जास्त माणसं, त्यातली किमान ४१,५०० मेली, उपासमार, टायफस, मारहाण, गोळ्या, आणि डॉक्टरांनी केलेले बर्फाच्या पाण्याचे आणि मलेरियाचे प्रयोग. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य आलं.

आत जाताना लोखंडी दारावर 'आर्बाइट माख्ट फ्राय' दिसेल, काम केलं की सुटका. दारावर आता आहे ती प्रतिकृती. मूळ दार २०१४ मध्ये चोरीला गेलं होतं, दोन वर्षांनी नॉर्वेत सापडलं, आता म्युझियममध्ये ठेवलंय. दारात सेल्फी काढणारे दिसतील, आपण काढू नका.

म्युझियम मोठं आहे, सगळं वाचायला गेलात तर दिवस जाईल. मी म्हणेन आधी म्युझियममागचा बंकर करा, म्हणजे कोठड्या. गेओर्ग एल्सर नावाचा साधा सुतार तिथे होता. त्याने १९३९ मध्ये म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये एकट्याने बॉम्ब लावला, हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला म्हणून वाचला. ९ एप्रिल १९४५ ला एल्सरला गोळी घातली, सुटका वीस दिवसांवर असताना. मग हजेरीच्या मैदानावर या आणि थोडं उभे राहा. बराकी एकूण ३४ होत्या, आता दोन पुन्हा बांधलेल्या आहेत, बाकीच्यांच्या जागी नुसते चौकोन. बराकीत तीन मजली लाकडी फळ्या आहेत. एक बराक २०० माणसांसाठी होती, शेवटी शेवटी २,००० पर्यंत कोंबली. चादरीची घडी जराशी वाकडी झाली तरी मार. आईने फळीची रुंदी हाताने हवेतच मोजली आणि बाहेर गेली.

शेवटी बराकींच्या पलीकडे, ओढा ओलांडून क्रेमॅटोरियम, म्हणजे प्रेतं जाळायची जागा. तिथे गॅस चेंबर आहे, दारावर 'ब्राउझबाड' म्हणजे न्हाणीघर लिहिलंय. तो सामूहिक हत्येसाठी वापरला गेला नाही, हे नीट लक्षात ठेवा, कारण लोक डाखाऊ आणि आउशवित्झ एकच करून टाकतात आणि मग घरी येऊन चुकीचं सांगतात. भट्ट्या मात्र चालत होत्या.

तिथेच एक पाटी शोधा. चार बायकांची नावं आहेत, त्यातलं एक नूर इनायत खान. वडील हजरत इनायत खान, बडोद्यात जन्मलेले सूफी आणि गवई, घराणं टिपू सुलतानाच्या वंशातलं. ही मॉस्कोत जन्मली, पॅरिसमध्ये वाढली, ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर म्हणून नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये गेली, पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला इथे तिला गोळी घातली. वय ३०. नंतर तिला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा मोठा सन्मान मिळाला. मी आईला हे सांगितलं. आईचं माहेर नवापूर, तिच्यासाठी बडोदा म्हणजे शेजार. ती म्हणाली, "म्हंजे हाई बडोदानी पोर शे?" मी म्हटलं बडोद्याच्या बापाची. आईने बूट काढले, त्या गार फरशीवर मोज्यांवर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. म्हणून सांगतो, तिथे घाई करू नका, एस-२ दिवसभर आहे.

अंगात ताकद उरली तर साधारण २ किलोमीटरवर हेबर्ट्सहाउझेनचं गोळीबाराचं मैदान आहे, तिथे १९४१-४२ मध्ये ४,००० हून जास्त सोव्हिएत युद्धकैदी मारले. तिकडे गर्दी जवळजवळ नसते. आम्हाला जमलं नाही, आईचे पाय दुखायला लागले होते, पुढच्या वेळी आधी तिकडे जाणार आहे.