पाळणाघरांच्या टंचाईचा नकाशा करताय? या चुका टाळा

टंचाईचा नकाशा म्हणून माझ्याकडे जे तपासायला येतं, त्यातली निम्मी नुसती ठिपक्यांची रांगोळी असते. ठिपके दाट तिथे सोय, विरळ तिथे टंचाई. अहो, आठ मुलांचं घरगुती पाळणाघर आणि ऐंशी मुलांचं केंद्र, दोघांचा ठिपका एकच! मोजायच्या त्या जागा.

त्याही वयोगटानुसार. तान्ही बाळं असली की एका माणसाकडे कमीच मुलं सोपवावी लागतात, त्यामुळे त्या जागा चालकांना परवडत नाहीत आणि मोजक्याच ठेवल्या जातात. एका गटाने एक भाग ठसठशीत हिरवा रंगवून आणला होता. तिथे म्हणे मुलांपेक्षा जागा जास्त! मी यादीतल्या केंद्रांना फोन करायला लावले. सगळ्यात मोठं केंद्र एका कंपनीच्या आवारात, बाहेरच्यांना प्रवेश नाही. दुसरं तीन वर्षांवरचीच मुलं घेणारं. तिसऱ्याकडे भरपूर जागांचा परवाना, पण सांभाळायला माणसं मिळेनात म्हणून एका खोलीला कुलूप. वर्षाच्या आतल्या बाळासाठी त्या हिरव्या भागात एकही जागा निघाली नाही. पण रंग मात्र फार विचार करून निवडलेले. मी यादी हाती आली की आधी फोन करतो, मग संगणक उघडतो. काम कंटाळवाणं आहे, पण नकाशे करायच्या क्यूजीआयएस सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण नाही.

दुसरी चीड हद्दींची. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस’ या धोरणसंस्थेची टंचाईची व्याख्या सगळे उचलतात: जनगणनेच्या एका भागात पाच वर्षांखालची 50 हून जास्त मुलं, आणि केंद्र एकही नाही किंवा दर जागेमागे तीनहून जास्त मुलं. सोपी आहे, म्हणूनच लाडकी. पण आईबाप हद्द बघून पाळणाघर शोधत नाहीत. पलीकडच्या गल्लीत जागा असेल तर तिथे जातात. म्हणून आधी प्रत्येक केंद्राच्या जागांना तिथे पोचू शकणाऱ्या मुलांच्या संख्येने भागा. मग प्रत्येक वस्तीच्या आवाक्यातल्या केंद्रांचे हे भागाकार बेरजेला घ्या. आवाका प्रवासाच्या मिनिटांत धरा. वर्तुळं काढलीत की नदीपलीकडचं केंद्रही ‘जवळ’ येतं.

बाकी किरकोळ. केंद्राच्या वेळा नोंदवा. रात्रपाळीवाल्यांना संध्याकाळी बंद होणारं केंद्र काय कामाचं? जुन्या जनगणनेवर मुलं मोजू नका, दहा वर्षांपूर्वीची तान्ही आता पाचवीत आहेत. आणि प्रतीक्षायाद्यांची सरळ बेरीज करून मागणी काढू नका, घाबरलेले आईबाप एकाच बाळाचं नाव सगळीकडे घालून ठेवतात.