फोनिक्सचे स्वर पाठ करू नका, शब्द घेऊन बसा

डीएलएड (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) करताय आणि पुढे पहिली-दुसरीच्या पोरांना फोनिक्सने, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून, इंग्रजी वाचायला शिकवायचंय, तर आधी एवढं डोक्यात ठेवा की इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच पण आवाज वीसच्या आसपास. बाराखडीत मात्रा दिली की आवाज ठरला, तसं इथे नाही, सगळा घोळ तिथूनच.

सुरुवात क्लोज्ड सिलॅबलने करा, म्हणजे स्वरानंतर व्यंजन: कॅट, बेड, पिन, हॉट, कप. इथे घाई नको. मोठ्याने म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, कारण बेड-बॅड आणि शिप-शीप मध्ये आपलीच जीभ घसरते आणि टीचरची घसरली की अख्ख्या वर्गाची घसरते. घरात कोकणी बोलणाऱ्यांचा कान जरा तयार असतो, कोकणीत ए आणि ओ उघडे-मिटके असे दोन-दोन आहेत ना.

मग सायलेंट ई, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा, स्वतः गप्प राहून आधीच्या स्वराचा आवाज बदलणारा ई. वहीत रकाने पाडा, कॅप-केप, किट-काइट, हॉप-होप, कब-क्यूब. शेवटचा रकाना नियम न पाळणाऱ्यांचा: हॅव, गिव्ह, लव्ह. पोरं विचारणारच असं का, तर इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपत नाही म्हणून तिथे ई नुसता टेकूला येतो, स्वराशी त्याचं काही देणंघेणं नाही. डान्समधला ई सी चा स करायला असतो.

दोन स्वर शेजारी आले की पहिला बोलतो, दुसरा गप्प, हे सगळीकडे शिकवतात, मला काही पटत नाही. थिओडोर क्लायमर यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या प्राथमिक वाचनमालांमधले शब्द तपासले तेव्हा हा नियम ४५ टक्केच शब्दांना लागू पडला, सायलेंट ई ६३ टक्के, आणि ओ-ए ची जोडी ९७ टक्के! म्हणून जोड्या सुट्या सुट्या शिका. ए-आय रेनमधला, ओ-ए बोटमधला, आणि ई-ए ला दोन आवाज लिहा, सीट आणि ब्रेड. स्वरानंतर आर आला तर हर, बर्ड, फर तिन्हीत स्वर एकच ऐकू येतो, स्पेलिंग मात्र पाहूनच लक्षात ठेवायचं.

आणि सरावाला बसच्या बोर्डांवरची गावं प्लीज घेऊ नका. गोव्यातल्या कळंगुटच्या स्पेलिंगच्या शेवटी ई आहे, नियम लावला तर कॅलँग्यूट होईल. मडगाव, म्हापसा यांची रोमन स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची, ती पोरांना बघून ओळखू दे.